अण्णांच्या खुर्चीचा डाव

माणसाच्या आयुष्यात काय किंवा साम्राज्यांच्या इतिहासात काय, सगळं काही सुरुवातीवर अवलंबून असतं. ज्याची सुरुवात पक्की, त्याला या जगात कुणी हरवू शकत नाही. हा सिद्धान्त मी एका सकाळी टेबलावर बोट आपटून मांडला, तेव्हा बायकोनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि मी सदरा उलटा घातला आहे, एवढंच सांगितलं. सिद्धान्ताला त्यानं काही बाधा येत नाही. सदरा सुलटा करून मी तो पुन्हा मांडला. पण एकदा उलट्या सदऱ्यात मांडलेल्या सिद्धान्ताला दुसऱ्या खेपेस ती धार राहत नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

सिद्धान्त सुचायला कारण झाली ती सासऱ्यांची आरामखुर्ची. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. खुर्ची जुन्या काळ्याभोर लाकडाची, बैठक वेताची आणि हात इतके लांब की त्यावर पाय पसरून माणूस दुपारभर जगाचा निरोप घेऊ शकतो. लग्नाचं विचारायला मी पहिल्यांदा त्या घरी गेलो, तेव्हा अण्णा त्या खुर्चीत होते आणि मी समोरच्या स्टुलावर. खुर्चीतल्या माणसाला स्टुलावरचा माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक नाही; पण स्टुलावरून खुर्चीतला माणूस हायकोर्टासारखा दिसतो. पुढे मी नोकरीत कायम झालो, संसार झाला, तक्रार विभागात बसून उभी हयात ‘आपली तक्रार योग्य त्या टेबलाकडे पाठवली आहे’ असं लोकांना कळवलं आणि सन्मानानं निवृत्तही झालो. तरी अण्णांच्या घरी गेलो की माझी पावलं अजून आपोआप स्टुलाकडे वळतात.

तर एका रविवारी अण्णांनी जाहीर केलं की ती खुर्ची आता द्यायची. त्यांच्या दोन्ही मुलींनी त्यांच्यासाठी एक नवी, ताठ पाठीची, उंच खुर्ची आणली होती आणि दोन खुर्च्यांना त्या खोलीत जागा नव्हती. मुली दोन, जावई दोन, खुर्ची एक. दुसरे जावई म्हणजे माझे साडू. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. माणूस अत्यंत सज्जन, पण खिशात टेप असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी खुर्चीची रुंदी घेतली होती.

मग आम्हा दोघांत आग्रहाची फेरी झाली. मी म्हटलं, साडूभाऊ, तुम्ही मोठे, तुम्ही न्या. ते म्हणाले, छे छे, तुमचा वाचनाचा नाद, तुम्हीच न्या. मी म्हटलं, तुमची बाल्कनी ऐसपैस. ते म्हणाले, तुमच्या खिडकीत उजेड छान. इतक्या प्रेमानं आम्ही एकमेकांना ती खुर्ची देऊ केली की दोघांनाही ती हवी आहे, हे घरातल्या मांजरालासुद्धा कळलं. आमच्या बायका हा प्रकार तटस्थपणे बघत होत्या. दोघींचं म्हणणं एकच होतं: तो डोलारा ठेवणार कुठे?

अखेर अण्णांनी डोळे मिटल्या मिटल्याच निकाल दिला. “एक डाव खेळा बुद्धिबळाचा. जिंकेल त्याची खुर्ची. पुढल्या महिन्यात या.”

आमच्या खेळाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, म्हणजे तेवढ्यातच तो संपतो. कोणतं मोहरं कसं चालतं हे मला येतं. घोड्याच्या बाबतीत ओठांत पुटपुटून घरं मोजावी लागतात. साडूभाऊंचंही तसंच, फक्त ते बोटानं मोजतात. आपण वाईट खेळतो हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. समोरचा आपल्याहून वाईट खेळतो, याची मात्र दोघांनाही खात्री होती. असल्या भक्कम पायावरच जगातली मोठी युद्धं उभी राहत असावीत.

घरी आल्यावर मी फक्त एवढंच म्हणालो की ती खुर्ची खिडकीपाशी शोभेल.  दुसऱ्या दिवशी बघतो तर खिडकीतली बायकोची लाडकी कुंडी हलून स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी गेली होती. कुंडी ठेवायचा लोखंडी स्टँडही तिथून गायब. फरशीवर नुसता एक गोल डाग आणि वर मोकळा उजेड. ती कुंडी हलवायची नाही म्हणून मागे एकदा तिनं रंगाऱ्याला परत पाठवलं होतं. त्या मोकळ्या जागेकडे बघताना माझ्या लक्षात आलं की आता हरून चालणार नाही. हरलेल्या माणसाला एक वेळ खुर्चीशिवाय राहता येतं, पण त्या गोल डागाकडे रोज बघता येत नाही.

तयारी सुरू झाली ती शेजारापासून. आमच्या डोक्यावर एक वकील राहतात आणि पायाखाली एक दातांचे डॉक्टर. म्हणजे मी कायद्याच्या खाली आणि वेदनेच्या वर अशा मधल्या मजल्यावर आयुष्य काढतो. वकिलांना विषय कळताच त्यांनी पंच व्हायचं परस्पर ठरवून टाकलं. खेळाला लेखी नियम हवेत, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी नियमांचा मसुदा केला, त्यात ‘मोहरं’ या शब्दाची व्याख्या दिली, ‘खेळाडू’ या शब्दाची दिली, आणि ‘यापुढे खुर्ची असा उल्लेख आल्यास’ इथून जे सुरू झालं ते मला झेपलं नाही. मी सही केली. त्यातला एकच नियम मला नीट समजला होता: शिवलं की हलवलं. ज्या मोहऱ्याला हात लागेल, तेच खेळायचं. नियम मला पसंत पडला. साडूभाऊंना वस्तूंना हात लावायची सवय आहे.

दातांच्या डॉक्टरांनी वेगळा सल्ला दिला. ते म्हणाले, “कुठं दुखतंय ते समोरच्याला आधी कळता कामा नये. मी किडलेल्या दाताकडे पहिल्यांदा कधीच जात नाही. शेजारच्या चांगल्या दातावर टकटक करतो. पेशंट तिकडे बघत राहतो.” म्हणजे, त्यांनी समजावलं, हल्ला करायचा एका बाजूला आणि टक लावून बघायचं दुसऱ्या बाजूला. मला हे विलक्षण पटलं. परत येताना जिन्यावर मी डावीकडे बघत उजवीकडे वळण्याचा सराव केला आणि कठड्यावर आपटलो. विद्या फुकट मिळत नाही.

पण खरा प्रश्न सुरुवातीचा होता. बुद्धिबळात पहिल्या काही खेळी कशा कराव्यात याचं मोठं शास्त्र आहे, असं मी ऐकून होतो. ज्याला हे शास्त्र पाठ, तो पहिल्या दहा मिनिटांत समोरच्याला गुदमरवतो. तेव्हा एक पुस्तक मिळवायचं, एक सुरुवात पाठ करायची आणि खुर्चीत बसायचं, असा साधा बेत मी आखला आणि ग्रंथालयात गेलो.

ग्रंथालयाचा सभासद व्हायला जुन्या सभासदाची शिफारस लागते. वकील सभासद होते, पण एक जाडजूड कायद्याचं पुस्तक त्यांनी परत केलं नव्हतं आणि ते परत का करू नये यावर त्यांचा ग्रंथालयाशी पत्रव्यवहार चालू होता. त्यामुळे त्यांची शिफारस चालेना. डॉक्टरांची चालली. मग अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘निवृत्त’ लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, हा व्यवसाय होत नाही. मी म्हटलं, माझा होतो, दिवसभर तोच करतो. त्यांनी तक्रार असेल तर वरच्या टेबलाकडे पाठवते असं सांगितलं. ज्या वाक्यावर मी घर चालवलं, तेच वाक्य मला कुणीतरी ऐकवावं, हा अनुभव कोणत्याही निवृत्त माणसानं एकदा घ्यावा. पेन्शन परत करावीशी वाटते.

सभासद झालो. खेळांच्या कपाटात बुद्धिबळावर काहीही नव्हतं. शेवटी यादी चाळून चाळून त्या बाईंनीच शोधून दिलं. ‘घोडे आणि उंट यांचा प्रारंभिक विकास : भाग पहिला’ हे पुस्तक पशुपालनाच्या कपाटात, कोंबड्यांचे रोग आणि दुभत्या जनावरांचा आहार यांच्या मध्ये बसलं होतं. ज्यानं कुणी ते तिथे लावलं त्यानं नाव वाचण्याइतकं काम केलं होतं. पुस्तक उघडण्याची अपेक्षा पगारात बसत नाही. भाग दुसरा कुठे, असं मी विचारलं. भाग दुसरा आलाच नाही, असं कळलं. बाई शिक्का मारताना सहज म्हणाल्या की या पुस्तकाला हल्ली बरीच मागणी आहे, गेल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी परत केलं, त्यांचा गोठा असावा. मीही गोठेवाल्यासारखा चेहरा केला आणि निघालो.

पुस्तक उत्तम होतं. लेखकानं वाचक पांढरी मोहरी घेऊन बसला आहे असं गृहीत धरलं होतं आणि त्याचा हात धरून त्याला एकेक पाऊल पुढे नेलं होतं. आधी राजासमोरचं प्यादं दोन घरं. मग एक घोडा. मग दुसरा घोडा. मग उंट बाहेर. मग किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला सुरक्षित नेऊन ठेवणं. मग अमुक प्यादं, मग दुसरा उंट. आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘आता तुमचं सैन्य सज्ज झालं. हल्ला कसा करावा हे आपण दुसऱ्या भागात पाहू.’

दुसऱ्या भागाची मला गरज वाटली नाही. सुरुवात पक्की असली की बाकीचं आपोआप होतं, हा माझा सिद्धान्त होताच. मी पाठांतराला बसलो. बायको भाजी निवडता निवडता पुस्तक मांडीवर घेऊन समोरच्याच्या खेळी वाचून दाखवायची आणि मी माझ्या करायचो. पुस्तकातला समोरचा माणूस फारच समजूतदार होता. आपण जे करावं त्याला शोभेल असंच तो काहीतरी करायचा. मधूनच बायको विचारायची, “आणि त्यानं असं नाही केलं तर?” मी तिला समजावलं की शास्त्रात असं चालत नाही. ती पुढची शेंग मोडायला लागली. चार-सहा दिवसांत मला सुरुवात इतकी पाठ झाली की बोळातून चालताना माझे पाय आपोआप दोन घरं पुढे आणि एक घर आडवे पडत. दूधवाल्यानं तब्येतीची चौकशी केली.

सामन्याचा रविवार उजाडला. अण्णांच्या घरी टेबल मांडलं होतं. अण्णा आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते. नव्या ताठ खुर्चीत वकील बसले, कारण पंचाला ताठ बसावं लागतं. डॉक्टर दारात उभे होते, त्यांना उभं राहण्याची सवय. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी बाल्कनीत खुर्चीशेजारी ठेवायला एक वाचनाचा दिवाही घेतला आहे, अशी बातमी मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या बायकोला दारातच दिली. माझ्या डोळ्यांसमोर तो गोल डाग येऊन गेला.

पट अण्णांचा, घरचाच. मोहरी पेटीतून बाहेर आली तेव्हा दिसलं की एक काळं प्यादं हरवलं आहे आणि एका पांढऱ्या घोड्याला मुंडकं नाही. प्याद्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण उभं राहिलं. मुंडकं नसलेला घोडा म्हणजे नुसता लाकडी बुंधा होता. त्याला घोडा समजण्यात यावं, असं वकिलांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघांची संमती घेतली.

मग वकिलांनी दोन मुठींत एक पांढरं आणि एक काळं प्यादं धरलं.  माझं सगळं शास्त्र पांढऱ्याचं. काळी मोहरी आली असती तर मी भाग पहिल्यासकट बुडालो असतो. मी उजवी मूठ दाखवली. पांढरं निघालं. साडूभाऊंचा चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं. ते म्हणाले, काही हरकत नाही. हे ते ज्या सुरात म्हणाले त्या सुरात लोक दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करतात.

मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. साडूभाऊंनी क्षणभर विचार करून त्यांच्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. मी घोडा काढला. त्यांनी घोडा काढला. मी दुसरा घोडा, म्हणजे तो बुंधा, काढला. त्यांनी दुसरा घोडा काढला. मी उंट बाहेर आणला, त्यांनी उंट बाहेर आणला. इथे माझ्या मनात पहिली ठिणगी पडली. लहानपणी आपण काही बोललं की तेच वाक्य वेडावून परत बोलणारं एक भावंड प्रत्येक घरात असतं. हा माणूस माझी नक्कल करत होता. भर सासुरवाडीत, पंचांसमोर, निवृत्त माणसाची नक्कल. मी मान वर न करता किल्लेकोट केला. त्यांनी किल्लेकोट केला. मी अमुक प्यादं. त्यांनी तमुक. मी जरा जोरातच उंट आपटला. त्यांनीही तितक्याच जोरात आपटला.

आणि पुस्तक संपलं.

सैन्य सज्ज होतं. माझंही, त्यांचंही. आरशासारखं समोरासमोर उभं होतं. आता काय करायचं ते भाग दुसऱ्यात होतं. मी पटाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की माझी खेळी असूनही साडूभाऊंच्या कपाळावर घाम आहे. त्यांनी रुमालानं तो टिपला, टेबलावर थोडे पुढे झुकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “साडूराव, राग मानू नका, पण तुमच्याकडे दुसरा भाग आहे का?”

मी विचारलं, “कोणत्या कपाटातून घेतलंत तुम्ही?”

“पशुपालन,” ते म्हणाले.

“कोंबड्यांच्या शेजारी?”

“कोंबड्यांच्या शेजारी. मी पांढऱ्याचीच पाठ केली हो. काळी आली म्हणून पट मनातल्या मनात उलटा करून खेळतोय. मान दुखायला लागली.”

वकिलांनी खाकरून खेळाडूंच्या आपसातल्या संभाषणास मनाई असल्याचं कलम सांगितलं.  माणसाच्या मनात वैर कितीही असलं, तरी आपल्यासारखाच दुसरा माणूस एकाच कपाटासमोर, एकाच गोठेवाल्याच्या चेहऱ्यानं उभा राहून आला आहे हे कळल्यावर ते टिकवणं अवघड जातं. मला त्यांना चहा विचारावासा वाटला. पण खिडकीत कुंडी नव्हती आणि त्यांच्या बाल्कनीत दिवा होता. युद्ध टाळता येण्यासारखं नव्हतं.

यापुढचा खेळ पाहून डॉक्टर नंतर म्हणाले की त्यांनी इतक्या भूल न दिलेल्या हालचाली कधी पाहिल्या नव्हत्या. मी डॉक्टरांचीच युक्ती वापरली. हल्ला उजवीकडे करायचा म्हणून टक लावून डावीकडे बघत राहिलो. मी एवढं काय बघतोय म्हणून साडूभाऊही डावीकडे बघायला लागले आणि तिथे माझा एक उंट कुणाच्याही आधाराशिवाय उभा असलेला त्यांना दिसला. त्यांनी तो घेतला. मला तो तिथे आहे हेच माहीत नव्हतं. दाराकडे पाहिलं तर डॉक्टर छताचं निरीक्षण करत होते.

पुढे मी त्यांची दोन प्यादी घेतली, त्यांनी माझा हत्ती घेतला. माझा वजीर एकदा ज्या घरात गेला तिथून परत यायला त्याला तीन खेळी लागल्या. तिकडे तो कशासाठी गेला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. साडूभाऊंनी मात्र एक गोष्ट मोठ्या शिस्तीनं केली. आयुष्य हद्दी आखण्यात गेलेल्या माणसाला कोपऱ्याचा विश्वास वाटतो. त्यांनी आपला राजा अगदी कोपऱ्यातल्या घरात नेला. समोर दोन प्यादी होतीच. मग राजाला एकटं वाटू नये म्हणून त्याच्या शेजारी हत्ती आणून उभा केला. असा चारी बाजूंनी घरच्या माणसांनी वेढलेला राजा पाहून मेहुणीनं आतून येऊन कौतुक केलं. “राजा कसा बसलाय बघा, अगदी आपल्या अण्णांसारखा.” साडूभाऊ खूश झाले.

मी हरत होतो. हे मला इतरांआधी कळलं, कारण माझ्याकडे मोजायला मोहरी कमी उरली होती. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिला खेळातलं फारसं कळत नाही, पण माझ्या मानेमागचा भाग बघून तिला सगळं कळतं. ती बिस्किटांची बशी माझ्या बाजूला सरकवून गेली. तो धीर होता. मी बिस्किटाला हात घातला.

आणि माझ्या सदऱ्याची बाही त्या मुंडकं नसलेल्या घोड्याला लागली. तो डुगडुगला, पडला नाही.

“शिवलं,” वकील म्हणाले.

मी म्हटलं की मी बिस्किटाला शिवलो. वकिलांनी कलम वाचलं. मी म्हटलं, हा बाहीचा स्पर्श आहे, हाताचा नाही. बाही ही हाताचाच विस्तार आहे, असं त्यांचं मत पडलं. मसुद्यात तशी व्याख्या होती आणि खाली माझी सही होती. मी म्हटलं, ते मोहरं नसून बुंधा आहे. त्यांनी सकाळच्या संमतीची आठवण करून दिली. माझा राजाला मागे घ्यायचा बेत होता. घोडा हलवणं म्हणजे आत्महत्या होती: मागच्या सगळ्या घरांत माझीच माणसं बसलेली, पुढच्या घरांत कुठे त्यांच्या प्याद्याचं तोंड, कुठे उंटाचं. मी तक्रार विभागातला माझा सगळा अनुभव पणाला लावला. पुनर्विचार मागितला, अपवाद मागितला, वरच्या टेबलाकडे दाद मागितली. त्या खोलीत वरचं टेबल नव्हतं.

इथे साडूभाऊंच्या मोठ्या मनाची नोंद केलीच पाहिजे. ते म्हणाले, “जाऊ द्या हो वकीलसाहेब. चुकून लागलं त्यांचं. त्यांना हवं ते खेळू द्या की.” इतकं मनापासून ते माझ्या बाजूनं बोलले की मला भरून आलं. आम्ही दोघांनी मिळून वकिलांची बरीच मनधरणी केली. ती त्यांनी ऐकली असती तर खुर्ची त्या संध्याकाळीच साडूभाऊंच्या बाल्कनीत गेली असती. पण वकील बधले नाहीत. कायदा खेळाडूंच्या मर्जीवर चालत नसतो, असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी बुंधा उचलला. ओठांत पुटपुटून घरं मोजली. जिथे नेईन तिथे तो मरणार असं दिसत होतं. मग मरायचंच तर शत्रूच्या राजाला नाक लावून मरावं, लोकांनी निदान म्हणावं तरी, अशा विचारानं मी तो थेट त्यांच्या राजाच्या बगलेत, दोन प्याद्यांच्या अंगावरून उडी मारून नेऊन ठेवला आणि डोळे मिटून घेतले. आता तो कोण घेतो याची वाट बघत राहिलो. कुणीच घेईना.

डोळे उघडले तर साडूभाऊ पटावर बोट फिरवत होते. बोट एकदा राजापासून हत्तीपर्यंत गेलं, परत आलं, प्याद्यांपर्यंत गेलं, परत आलं.

“मात झाली,” अण्णा खुर्चीतून म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते की काय, मला आजही सांगता येणार नाही.

झालं असं होतं की साडूभाऊंच्या राजाला हलायला एकही घर उरलं नव्हतं. शेजारी त्यांचाच हत्ती, समोर त्यांचीच प्यादी. घोडा अंगावरून उडी मारून येतो, त्याला आडवं कुणी येऊ शकत नाही, आणि त्या घरावर त्यांच्या एकाही मोहऱ्याचा हात पोचत नव्हता. राजा आपल्याच माणसांच्या प्रेमात गुदमरला. ज्या खेळीविरुद्ध मी वकिलांशी हातघाईवर आलो होतो, तिनं मी जिंकलो होतो. विजयी माणसाची अशी मानहानी इतिहासात दुसरी नसेल. मला जबरदस्तीनं जिंकवण्यात आलं होतं.

साडूभाऊंनी उठून माझा हात हातात घेतला. उत्तम खेळलात, म्हणाले. मी म्हटलं, तुमचीही सुरुवात छान होती. ते म्हणाले, तुमचीही. याहून प्रामाणिक कौतुक आम्ही एकमेकांचं आजवर केलं नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. बायको तिथे होती. घोड्याचं मी आधीपासून योजलं होतं, असं मी तिला सांगितलं. ती हसली आणि सदऱ्याच्या बाहीवरचा बिस्किटाचा चुरा तिनं झटकला.

मग नेण्याची तयारी सुरू झाली. साडूभाऊंनी हार खिलाडूपणानं घेतली होती. त्यांनी स्वतःहून टेप काढून दाराची रुंदी मोजली आणि खुर्ची तिरकी केली तर जाईल असा निर्वाळा दिला. जिन्याच्या वळणावर कोणी कुठला पाय धरायचा, हे डॉक्टरांनी ठरवलं. माझ्याकडे खिडकी किती फूट आहे तेही साडूभाऊंनी विचारून घेतलं आणि म्हणाले की त्यांचा दिवाही माझ्याकडेच ठेवू, मधूनमधून येऊन वाचत बसतील. मी म्हटलं, या की, भाग दुसरा कुठे मिळाला तर घेऊनच या. बाह्या वर सारून आम्ही चौघे खुर्चीच्या चार पायांशी उभे राहिलो.

खुर्चीत अण्णा होते.

“न्या खुशाल,” ते म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. तुम्ही जिंकलात.”

आम्ही वाट पाहिली. वकिलांनी ती नवी ताठ खुर्ची अदबीनं त्यांच्या जवळ आणून ठेवली, बैठकीवरून हातरुमाल फिरवला. अण्णांनी तिच्याकडे बघून चांगली आहे म्हणून मान डोलावली. मी खाकरलो. साडूभाऊंनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. आतून दोघी बहिणींच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्या लांब काळ्या हातांवर अण्णांचे पाय जिथे होते तिथेच होते, आणि वेताची बैठक त्यांच्या अंगाच्या मापानं अशी खोल गेली होती की तीत दुसरं कुणी नीट बसेल असं मला पहिल्यांदाच वाटेनासं झालं.

अण्णांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू, उभेच आहात तर एक करा. ही पाठीमागची उशी खाली गेलीय, ती जरा वर सरकवा.”